नवागत आणि वडील विद्यार्थी

विद्यापीठांचे इतिहास लिहिणारे आचार्यांची परंपरा सांगतात, ग्रंथसंग्रहांचें वर्णन करतात, राजांच्या सनदा उतरून देतात. परंतु नवा विद्यार्थी आला त्या दिवशीं त्याला दाराशीं कोण भेटलें, हें क्वचितच सांगतात. आमच्या मतें हा प्रश्न क्षुल्लक नाहीं. घर सोडून आलेल्या मुलाला पहिल्या आठवड्यांत जो भेटतो, तो बहुधा प्राध्यापक नसतो. वर्षा-दोन वर्षांनीं वडील असा विद्यार्थीच असतो. अशा विद्यार्थ्याला नेमून देऊन नवागतांचा मार्गदर्शक करण्याची पद्धत आतां पुष्कळ ठिकाणीं रूढ आहे. मात्र या मार्गदर्शकाचे पूर्वज शोधूं गेल्यास ते फारसे अभिमानास्पद निघत नाहींत.

मध्ययुगांत पॅरिसच्या विद्यापीठांत नवागताला 'पिवळ्या चोचीचा' अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दानें हिणवीत. घरट्यांतलें पिलूं, अजून उडतां न येणारें, हा त्यांतील टोमणा. त्याच शब्दापासून झालेलें 'बेआनुस' हें लॅटिन रूप जर्मनींत रुजलें आणि तेथें 'डिपोझिशिओ', म्हणजे उतरवून ठेवणें, या नांवाचा एक विधीच सुरू झाला. नवागत हा रानटी पशु आहे असें मानून त्याला शिंगें व सुळे लावीत. मग कुऱ्हाड, करवत व रंधा हीं हत्यारें चालविल्याचें सोंग करून त्याचें पशुत्व 'उतरवीत'. आणि शेवटीं मेजवानीचा खर्च त्याच्याच माथीं मारीत. १४८१ च्या सुमारास छापलेल्या 'मॅन्युआले स्कोलारियम' या लॅटिन संवादपुस्तकांत याचें सविस्तर वर्णन आहे. पुढील आयुष्यांतील संकटांची ही पूर्वतयारी होय, असा अर्थ मार्टिन ल्यूथरसारख्यानेंही या विधींतून काढला. 'थोडें सोसल्यानें मूल घट्ट होतें' हा युक्तिवाद इतका जुना आहे!

सतराव्या शतकांत या सोंगाचें जुलमांत रूपांतर झालें. नवागताला 'पेन्नाल', म्हणजे लेखण्यांची नळी, म्हणत. त्यानें सुमारें वर्षभर वडील विद्यार्थ्यांची नोकरी करावी, चांगले कपडे त्यांना द्यावे, मार खावा. या वडिलांना 'कातरणारे' असेंच नांव पडलें होतें. एखाद्या विद्यापीठानें त्यांना हांकलून दिलें, तरी शेजारच्या विद्यापीठाचें दार त्यांना उघडेंच असे. १६५४ नंतर जर्मन विद्यापीठांनीं हळूहळू परस्परांशीं करार करून हीं दारें बंद केलीं, तेव्हांच ही चाल ओसरली.

अमेरिकेंतील महाविद्यालयांतही नवागतांचा छळ होत असे. तथापि तेथें दुसरी एक अडचण स्पष्ट झाली. विद्यार्थी वाढले, ऐच्छिक विषय वाढले, आणि काय शिकावें व कोणास विचारावें हें नव्या मुलास कळेना. बॉस्टन विद्यापीठानें १८८८ मध्यें नवागतांसाठीं निराळा परिचयवर्ग काढला. रीड कॉलेजनें १९११ मध्यें तो अभ्यासक्रमांतच घातला. आणि मेन विद्यापीठानें १९२३ मध्यें वर्ग सुरू होण्यापूर्वीं नवागतांचा स्वतंत्र 'सप्ताह' भरविला. पुढें या कामीं वरच्या वर्गांतील निवडक विद्यार्थी नेमूं लागले. ग्रंथालय कोठें, विषय कसे निवडावे, आजारी पडल्यास कोणाकडे जावें, हें सांगणें हें त्यांचें काम.

आपल्याकडे रॅगिंगचा अनुभव कडू आहे. महाराष्ट्रानें १९९९ मध्यें स्वतंत्र कायदा करून दोन वर्षांपर्यंत कैद व दहा हजार रुपयांपर्यंत दंड ठरविला. सर्वोच्च न्यायालयानें नेमविलेल्या राघवन समितीचा अहवाल २००७ मध्यें आला, आणि विद्यापीठ अनुदान आयोगानें २००९ मध्यें कडक नियम केले. हे सर्व आवश्यकच होतें. परंतु कायदा दाराशीं उभ्या असलेल्या दांडगटाला हटवूं शकतो. त्याच्या जागीं स्नेही उभा करणें त्याला साधत नाहीं. २०१९ मध्यें आयोगानें 'दीक्षारंभ' ही योजना मांडली, ती ही उणीव ओळखूनच. पवईच्या आय. आय. टी.मध्यें तर वरच्या वर्गांतील विद्यार्थी निवडून त्यांच्याकडे नवागत सोंपविण्याची व्यवस्था आहे.

या सर्व इतिहासावरून आम्हांस एक गोष्ट दिसते. 'तूं आतां आमच्यांतला झालास' हें वाक्य ऐकण्याची नवागताला भूक असते. कातरणाऱ्यांनीं तें वाक्य किंमत घेऊन विकलें. मार्गदर्शकानें तें फुकट द्यावयाचें असतें. ही भूक खरी असल्यामुळेंच तो क्रूर विधि शतकानुशतकें टिकला, आणि पुष्कळ मुलांनीं तो मुकाट्यानें सोसला. म्हणून नुसत्या बंदीनें काम भागत नाहीं. खेड्यांतून आलेला, इंग्रजी व्याख्यानाला बिचकणारा, खाणावळींत एकटाच जेवणारा मुलगा कोणाच्या तरी हाकेची वाट पाहत असतो; ती हांक कोणी दिली, यावर त्याचें पुढील वर्ष पुष्कळसें अवलंबून राहतें.

मुलामुलींना महाविद्यालयांत पाठवितांना पालक फी विचारतात, निकाल विचारतात, वसतिगृह पाहून येतात. पहिल्या दिवशीं दाराशीं कोण असतें आणि त्याला तेथें कोणीं व कशासाठीं नेमलें आहे, हेंही त्यांनीं विचारावें. आणि आपलीं मुलें वरच्या वर्गांत गेलीं म्हणजे तीं त्या दाराशीं कोणत्या मनानें उभीं राहतात, हें घरींच पाहून घ्यावें.