गाजरगवताची कुळकथा

नागपूर–भंडारा रस्त्यावरचं जवाहरनगर म्हणजे ऑर्डनन्स फॅक्टरी आणि तिची वसाहत. पावसाळा लागला की अशा वसाहतींच्या मोकळ्या जागांवर, रस्त्याच्या कडांना गाजरगवत माजतं. वरातीचा घोडा असो की गुराख्याची गाय, जनावर ते हुंगतं आणि सहसा सोडून देतं. तिथेच त्याचं फावतं. चांगलं गवत खाऊन संपतं, हे मात्र बी धरतं.

अमेरिकेच्या पीएल-480 कायद्याखाली आलेल्या गव्हाबरोबर ते आलं, असं घरोघरी सांगतात. तारखा मात्र जुळत नाहीत. त्या कायद्याखालचा भारताचा पहिला करार ऑगस्ट 1956चा. पुण्यात उकिरड्यांवर हे झाड 1951 मध्येच प्रा. परांजपे यांच्या नजरेस आलं होतं आणि वनस्पतिशास्त्रज्ञ राव यांनी 1956 साली त्याची शास्त्रीय नोंद छापली. त्याहून मागे, वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गच्या कलकत्त्याच्या बागेच्या 1814च्या यादीतही त्याचं नाव आहे. परदेशी धान्यातून नवं बी आलं असेलही. पण देशभर पसरवलं ते आपल्याच ट्रकांनी, मुरमाच्या ढिगांनी आणि कच्च्या शेणखताने. दोष गव्हावर ढकलणं सोपं, एवढंच.

उपायांचीही कुळकथा आहे. 1983 साली मेक्सिकोहून गाजरगवत खाणारा एक भुंगेरा बंगळुरूला आणला, पुढच्या वर्षी सोडला. मळकट पांढऱ्या पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा. पिवळी अंडी पानाखाली. अळ्या कोवळे शेंडे कुरतडतात. पावसाळ्यात तो झाडाचा नुसता सांगाडा ठेवतो, पण थंडीत जमिनीत जाऊन बसतो आणि ओलसर जागी उरलेलं गाजरगवत पुन्हा फुलतं. दुसरा उपाय: तरोटा. पावसाआधी बी फेकलं की त्याची दाट रोपं गाजरगवताला उजेड मिळू देत नाहीत. विदर्भात कोवळ्या तरोट्याची भाजी आवडीने खातात; वाढलेल्या तरोट्याला मात्र जनावरं तोंड लावत नाहीत, आणि त्याच्या जातभाईंच्या बिया घोड्याला बाधतात. रस्त्याकडेला तरोटा ठीक, घोड्याच्या कुरणात नको.

घोड्याची चरायची रीतच वेगळी. तो आवडीची जागा मुळाशी कातरतो आणि लिदीभोवतीचं गवत तसंच ठेवतो. उघड्या पडलेल्या त्या कातरलेल्या जागांत गाजरगवत शिरतं. म्हणून कुरणाचे भाग पाडून आळीपाळीने चारणं, लीद उचलणं आणि उघड्या जागी गवताचं बी टाकणं, हे औषधाच्या फवाऱ्याआधी करायचं काम आहे.

गाजरगवत चुकून जनावराच्या पोटात गेलं तर? गाई-म्हशींना हे झाड खाऊ घातल्याच्या 1977 साली छापलेल्या प्रयोगात जनावरं दगावली होती. म्हणून पाऊस पडून माती भिजली की हातमोजे घालून, फुलं येण्याआधी मुळासकट उपटा. फुललेलं असेल तर शेणखतात घालू नका. एका झाडाला हजारोंनी बिया धरतात.