जुन्या वेषांचे साल

शाळेचे स्नेहसंमेलन असो की गणेशोत्सवातील करमणुकीचा कार्यक्रम असो, वेषभूषा-स्पर्धेत नऊवारी लुगडे, नाकात नथ, अंबाडा आणि त्यावर गजरा अशी एक तरी मूर्ती अवतरतेच. हाती तलवार दिली की ती झाशीची राणी होते, पुस्तक दिले की डॉक्टर आनंदीबाई जोशी, आणि काहीच न दिले तर नुसती ‘जुन्या काळची बाई’. पाहणारे टाळ्या देतात. परंतु जुना काळ हा काही एकच काळ नव्हे. त्यातील प्रत्येक वस्त्राला त्याचे साल असते आणि त्यामागे कारणही असते.

प्रथम राणी लक्ष्मीबाईंचेच पाहा. गंगाधरराव १८५३ च्या नोव्हेंबरात निवर्तले. दत्तक नामंजूर होऊन पुढील वर्षी झाशी खालसा झाली. त्याच वर्षी जॉन लँग नावाचा वकील राणीसाहेबांच्या भेटीस गेला. १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात तो सांगतो की, त्यांच्या अंगावर साधे पण अतिशय तलम पांढरे मलमल होते आणि कानांतील सोन्याच्या भूषणांखेरीज दुसरा दागिना नव्हता. नथ हे आपल्याकडे सौभाग्याचे लेणे. ती राणीच्या नाकात घालताना तिचे वैधव्यच आपण पुसून टाकतो. आणि तिचा सारा झगडा तर त्या वैधव्यानंतर ओढवलेल्या अन्यायाविरुद्ध होता.

आनंदीबाईंची गोष्ट निराळी. १८८३ साली त्या अमेरिकेस निघाल्या तेव्हा स्वदेशी वेष सोडायचा नाही, हा त्यांचा निश्चय होता. कासोटा घातलेले नऊवारी हे कामकरी बाईचे सोयीचे वस्त्र. चालावे, वाकावे, विहिरीचे पाणी ओढावे, कशालाच अडचण नाही. परंतु त्यात पोटऱ्या उघड्या राहतात, आणि फिलाडेल्फियाची थंडी काही पुण्याची नव्हे. तेव्हा त्यांनी गुजराती पद्धतीची पायघोळ नेसण पत्करली. साडी राहिली, नेसण बदलली. १० ऑक्टोबर १८८५ रोजी जपानच्या केइको ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली या सहाध्यायिनींसह काढलेल्या त्यांच्या छायाचित्रात तिघीही आपापल्या देशाच्या पोशाखात आहेत. ज्यांना आनंदीबाई व्हायचे असेल त्यांनी ते छायाचित्र अवश्य पाहावे.

विसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रीय स्त्रियांना वेषाचा धडा दिला तो मात्र एका पुरुषाने. ‘मानापमान’ १९११ साली रंगभूमीवर आले, आणि बालगंधर्वांची भामिनी पाहून घरी परतलेल्या स्त्रिया त्यांच्यासारखे लुगडे नेसू लागल्या, केसांत फुले माळू लागल्या, खांद्यावर शेला घेऊ लागल्या. पुरुषाने स्त्रीचे सोंग घ्यावे आणि स्त्रियांनी त्या सोंगाची नक्कल करावी, यापेक्षा मोठी वेषभूषा-स्पर्धा कोणती?

आणखी एक उदाहरण बडोद्याचे. सयाजीराव महाराजांच्या कन्या इंदिरादेवी १८९२ साली जन्मल्या आणि १९१३ साली कूचबिहारच्या राजघराण्यात गेल्या. १९२२ साली त्यांना वैधव्य आले. तेव्हा शुभ्र वस्त्राचे बंधन न मोडता त्यांनी ते फ्रेंच शिफॉनचे केले, आणि पुढे शिफॉनची साडी राजघराण्यांतून थेट चित्रपटापर्यंत पोहोचली. झाशीचे पांढरे मलमल आणि कूचबिहारचे पांढरे शिफॉन यांत सुमारे सत्तर वर्षांचे अंतर आहे. रंग तोच, पण एका विधवेला तो पाळावा लागला, तर दुसरीने त्याचीच शोभा केली.

म्हणून पुढील स्पर्धेच्या वेळी घरातील मुलीने ‘जुनी बाई व्हायचे आहे’ असा हट्ट धरला, तर तिला एवढेच विचारावे: कोणत्या सालची? उत्तर शोधताना आजीची पेटी उघडेल, जुनी छायाचित्रे बाहेर निघतील, आणि या लुगड्यात ती काय काम करीत असे, कोणाला भीत असे, कशाचा हौसेने विचार करीत असे, हेही कळेल. मग बक्षीस मिळो वा न मिळो, त्या घरात काही दिवस तरी आजीची गोष्ट बोलली जाईल.