नळाचा कागद



आज आपण नळाबद्दल बोलणार आहोत. कारण आमच्याच गटात घडलेलं आहे.

आमच्या गटातली एक ताई नवऱ्याच्या कामापायी शहरात राहायला गेली. शहराच्या कडेला गुंठेवारीत दोन खोल्या घेतल्या. नळासाठी तिनं गटाकडून आठ हजारांचं कर्ज घेतलं. ओळखीच्या एका माणसानं पैसे घेतले, रात्रीतून खड्डा खणला आणि सकाळी नळाला पाणी! ताईनं पेढे वाटले. सात महिन्यांनी पथक आलं, कागद मागितला. कागद नव्हता. नळ तोडला. नळ गेला, पैसे गेले, हप्ता मात्र चालूच राहिला. आता त्याच नळासाठी दुसऱ्या कर्जाचा अर्ज आमच्यापुढे आला होता.

बैठकीत दोन तट पडले. एक म्हणाली, "तिनं विचारायला नको होतं का?" दुसरी म्हणाली, "पाणी देवाचं. त्याला कसला आलाय परवाना?" हा दुसरा प्रश्न आमच्या डोक्यात बसला. खरंच, पाण्याला कागद कधीपासून लागायला लागला? म्हणून आम्ही थोडं मागे जाऊन पाहिलं.

छत्रपती संभाजीनगरचंच उदाहरण घेऊ. मलिक अंबरनं १६१० मध्ये खडकी गाव वसवलं. तेच पुढे औरंगाबाद झालं आणि आज छत्रपती संभाजीनगर. मलिक अंबर मूळचा आफ्रिकेतला हबशी, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे निजामशाहीचा वजीर झालेला. नवं शहर वसवायचं तर पाणी हवं. त्यानं उत्तरेकडच्या डोंगरातलं झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बांधीव नहरीतून शहरात आणलं. सन १६१७-१८ च्या सुमाराची ही गोष्ट. तिला नहर-ए-अंबरी म्हणतात. या नहरीला ना पंप होता ना इंजिन. पाणी उताराला धावतं, एवढ्याच ज्ञानावर ती चालायची.

पुढे आणखी नहरी झाल्या. त्यातल्या एकीवर पाणचक्की बसली. तुमच्यापैकी कितीतरी जणी सहलीला जाऊन ती पाहून आल्या असतील. तिथं पाणी खापराच्या नळांतून येतं, उंच भिंतीवर चढतं आणि हौदात पडतं. पाणी आपली मूळ पातळी गाठायला धडपडतं, म्हणून ते चढतं. त्या पाण्यावर जातं फिरायचं आणि दर्ग्यात उतरणाऱ्या फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी दळण व्हायचं. ज्या काळात आपल्या पणज्या पहाटे उठून जात्यावर बसायच्या, त्या काळात इथं पाणी दळत होतं. आम्ही पाणचक्की पाहायला गेलो तेव्हा एक आजी म्हणाल्या, "हे प्रत्येक गावात का नाही केलं गं कुणी?" उत्तर आमच्याकडे नव्हतं.

तर त्या काळी नळाला अर्ज नव्हता. मग सगळ्यांना सारखं पाणी मिळत होतं का? नाही. त्या काळी कागद विचारत नव्हते, जात विचारत होते. पुण्यात जोतिबा फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला. यावरून बाकीचे हौद कसे होते ते कळतं. महाडचं चवदार तळं १९२४ मध्ये नगरपालिकेनं ठराव करून सर्वांना खुलं केलं. कागद झाला, पण पाण्याला हात लावायची सोय झाली नाही. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांना घेऊन तळ्यावर गेले, ओंजळभर पाणी प्याले, तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. पुढे खटला चालला आणि १९३७ मध्ये उच्च न्यायालयात निकाल त्यांच्या बाजूनं लागला.

यातून आम्ही दोन गोष्टी शिकलो. कागद असला तरी तो वापरायला आपल्याला जाऊन उभं राहावं लागतं. आणि कागद नसला तर हक्क कुणाच्या तरी मर्जीवर राहतो.

आता परवान्याकडे येऊ. मुंबईत १८६० मध्ये विहार तलावाचं पाणी नळानं शहरात आलं. विहिरीचं पाणी ज्याच्या त्याच्या आवारात असतं, नळाचं पाणी मात्र सगळ्या शहराचं एकाच वाहिनीत असतं. एकानं जोड चुकीचा मारला तर गल्लीभर दूषित पाणी जातं. म्हणून १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात प्लंबरला परवाना देण्याची तरतूद झाली. इतर शहरांसाठी १९४९ चा कायदा आला, त्यातही परवानाधारक प्लंबर आहेत. औरंगाबादला १९८२ मध्ये महापालिका झाली आणि तो कायदा तिथं लागू झाला.

आपल्याकडे पाणी दिवसाआड, काही ठिकाणी कित्येक दिवसांआड येतं. ज्या दिवशी पाणी नसतं, त्या दिवशी नळ रिकामा असतो. रिकाम्या नळाचा जोड ढिला असेल तर तो बाहेरची ओल आत ओढतो. शेजारून गटार जात असेल तर गटाराचं पाणीसुद्धा. मग लेकरांना जुलाब, कावीळ. रात्री घाईत मारलेल्या जोडाचा धोका असा असतो. त्या ताईच्या गल्लीत किती घरांनी ते पाणी प्यायलं, कोण जाणे.

आणि पाणी महाग का झालं? नहरीचं पाणी उतारानं आपोआप यायचं. आता या शहराचं पाणी पैठणच्या जायकवाडी धरणातून येतं. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी या धरणाची पायाभरणी केली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं. धरण खाली, शहर वर. पाणी पंपांनी चढवावं लागतं, म्हणजे विजेचं बिल आलं. शिवाय शुद्धीकरण आलं, टाक्या आल्या, मैलोगणती वाहिन्या आल्या. पाणी देवाचं, पण ते दारापर्यंत आणणं माणसाचं काम आहे आणि त्याला दाम लागतो.

पण दाम किती, हे आपल्याला कळलंच पाहिजे. नळजोडणीचा खर्च एका आकड्यात कुणी सांगितला तर सावध व्हा. त्याचे भाग पाडून विचारा. पालिकेचं जोडणी शुल्क किती? अनामत किती? रस्ता खोदाईचे किती? पाइप, फेरूल, कॉक या सामानाचे किती? प्लंबरची मजुरी किती? पहिल्या तिन्हींची पालिकेची पावती मिळते. सामानाचं दुकानाचं बिल मिळतं. मजुरी ठरवून कागदावर लिहून घ्या. प्लंबरचा परवाना मागून पाहा, त्यावर मुदत असते. मागायला लाजू नका. आपण सोनाराकडे पावती मागतोच की.

गुंठेवारीत राहणाऱ्या मैत्रिणींना सांगायचं, तर २००१ मध्ये महाराष्ट्रात गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा झाला. घराचे कागद, मालमत्ता कराची पावती नीट असेल तर नळाचा अर्ज सोपा होतो. म्हणून नळाच्या आधी घराच्या कागदाचं पाहा. आणि त्या कागदावर आपलं नाव आहे का, तेही पाहा. नळाचा अर्ज नवऱ्याच्या नावानं आणि पाणी भरायला आपण, असं किती पिढ्या चालायचं?

आपल्या गावातही आता हाच विषय आहे. १५ ऑगस्ट २०१९ ला जलजीवन मिशन जाहीर झालं, घरोघर नळ आले. या योजनेत प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासायला शिकवायचं ठरलेलं आहे. तुमच्या गावात त्या पाच जणी कोण आहेत? ग्रामसभेत विचारा. आणि पाणी तपासता येतं तर पाना धरायला काय हरकत आहे? तोटीचा वॉशर बदलायला आमच्या गटातल्या तिघी शिकल्या. पहिल्या दिवशी पुरुष हसले. आता बोलवायला येतात.

त्या ताईचं पुढे काय झालं, असं तुम्ही विचाराल. आम्ही दुसरं कर्ज मंजूर केलं, पण एक अट घातली. पैसे एकदम द्यायचे नाहीत. पालिकेची पावती आली की शुल्काचे, सामानाचं बिल आलं की सामानाचे, पाणी आलं की मजुरीचे. गटातल्या दोघी तिच्यासोबत कार्यालयात गेल्या. तीन खेपा झाल्या, एक दिवसाची मजुरी बुडाली. गेल्या आठवड्यात नळ आला. ताईनं या वेळी पेढे वाटले नाहीत. पावती प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवघरात ठेवली आणि तिची एक प्रत गटाच्या फाइलला लावायला आमच्याकडे पाठवली.

ती प्रत आम्ही पुढच्या बैठकीत सगळ्यांना दाखवणार आहोत. तुमच्या घरी नळ असेल तर आज एक काम करा. त्याचा कागद कुठं आहे आणि कुणाच्या नावावर आहे, ते शोधा.