भीती मोजायची कशी? मुंबईचा प्लेग आणि मंदीचा एक जुना प्रश्न

पेटच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्यांनी एक प्रश्न स्वतःला विचारून बघावा. मंदी आली म्हणून लोक घाबरतात, की लोक घाबरतात म्हणून मंदी येते? ‘दोन्ही’ हे उत्तर चूक नाही. पण त्या उत्तरावर संशोधन आराखडा उभा राहत नाही. गाईड लगेच विचारणार, दोन्ही तर किती-किती? आणि कशावरून?

सिद्धांत तुम्हाला माहीत असेल, म्हणून थोडक्यात सांगते. उद्याची खात्री वाटेनाशी झाली की माणूस फ्रिज घ्यायचा लांबवतो, घराचं रंगकाम पुढं ढकलतो, चार पैसे हातात ठेवतो. एकट्यानं केलं तर तो शहाणपणा. पण एकाचा खर्च म्हणजे दुसऱ्याची मिळकत असते, त्यामुळे सगळ्यांनी एकदम हात आखडला की सगळ्यांचंच उत्पन्न आटतं. केन्सनं १९३६ साली या मानसिकतेला आपल्या सिद्धांतात जागा दिली. जॉर्ज कटोना या मानसशास्त्रज्ञानं मिशिगन विद्यापीठात दुसऱ्या महायुद्धानंतर लोकांना थेट प्रश्न विचारून ग्राहकांचा विश्वास मोजायला सुरुवात केली. आपली रिझर्व्ह बँकही असं सर्वेक्षण करते.

अडचण पुढं आहे. सर्वेक्षणात ‘परिस्थिती वाईट आहे’ म्हणणाऱ्याची नोकरी कदाचित खरंच गेलेली असते. मग तुम्ही भीती मोजली की वस्तुस्थिती? माझं एमएस्सीपर्यंतचं शिक्षण प्रयोगशाळेत झालं. तिथं दोन गोष्टी एकत्र बदलत असतील तर एक स्थिर ठेवून दुसरी बदलतात. समाजात ते करता येत नाही. मग इतिहासात अशी जागा शोधावी लागते, जिथं धोका एका दिशेनं गेला आणि भीती दुसऱ्या दिशेनं. अशी एक जागा आपल्या जवळच आहे.

सप्टेंबर १८९६. मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोव्यात जन्मलेल्या डॉक्टरांनी गाठी आलेल्या तापाचा रुग्ण पाहिला आणि हा प्लेग आहे असं सांगितलं. ऑक्टोबरमध्ये महापालिका आयुक्त स्नो यांनी रुग्णांना सक्तीनं इस्पितळात हलवायचा अधिकार घेतला. महिना संपायच्या आत, २९ ऑक्टोबरला, सुमारे हजारभर गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. स्नो यांनी नियम सैल केले. त्यांना मुख्य धास्ती होती ती सफाई कामगारांची. तेच घाबरून निघून गेले तर शहर चालणार कसं?

इथं थांबून एक गोष्ट टिपून ठेवा. ‘लोक घाबरले’ असं आपण सहज लिहितो, पण कशाला घाबरले? काहींना रोगाची भीती होती. अनेकांना त्याहून जास्त भीती इस्पितळाची, घरझडतीची, घरातल्या बाईला परक्या माणसानं तपासण्याची होती. पुण्यात हीच गोष्ट जून १८९७मध्ये रँडच्या खुनापर्यंत गेली, ते शाळेतच शिकलोय आपण. तुमच्या प्रबंधात ‘भीती’ हा एकच चल असेल, तर आधी त्याचे तुकडे करा.

मग लोक निघाले. कोकणात बोटीनं, घाटावर रेल्वेनं. फेब्रुवारी १८९७पर्यंत साडेआठ लाखांच्या आसपास वस्तीच्या शहरातून ३ लाख ८० हजारांच्या आसपास लोक बाहेर पडले होते, असा अंदाज सर्वत्र दिला जातो. नोंदलेले प्लेगचे मृत्यू तेव्हा हजारांच्या घरात होते. म्हणजे रोगानं जेवढं शहर रिकामं केलं, त्याच्या कितीतरी पट भीतीनं केलं.

अर्थव्यवस्थेचं काय झालं? इथं पाठ्यपुस्तकी उत्तर फसतं. भीती आली, मागणी पडली, मजुरी पडली, बेकारी वाढली, असा क्रम आपण अपेक्षित धरतो. मुंबईत मजुरी वाढली! गिरण्या उघड्या, पण चालवायला माणसं नाहीत. गिरणी मालकांच्या संघटनेच्या अहवालातच तक्रार आहे की नाक्यानाक्यावर कामगारांची उघड बोली लागते. रोजच्या रोज रोख मजुरी द्यावी लागली, कारण उद्या हा माणूस शहरात असेल का, याचाच भरवसा नव्हता. एरवी मजुरी थकवून कामगाराला बांधून ठेवणाऱ्या मालकांना हे फार झोंबलं, आणि खरं सांगू, ते वाचताना मला मालकांची कीव येत नाही.

तर पहिला निष्कर्ष असा की भीती नेहमी गिऱ्हाइकाच्या खिशातून काम करते असं नाही. १८९७मध्ये ती कामगाराच्या पायांतून काम करत होती. बाहेरच्यांच्या भीतीचा तिसरा मार्गही होता. परदेशी बंदरांनी मुंबईच्या जहाजांवर क्वारंटाइन लावलं, त्या वर्षी हज यात्रा रोखली गेली, व्हेनिसला आंतरराष्ट्रीय परिषद भरली. मुंबईकर घाबरो न घाबरो, व्यापाराला त्याची झळ बसलीच.

आता ज्यासाठी ही गोष्ट निवडली तो भाग. प्लेग १८९७मध्ये संपला नाही. तो दर हिवाळ्यात परत येत राहिला, आणि शहरात नोंदलेले वार्षिक मृत्यू पुढच्या अनेक वर्षांत १८९७पेक्षा जास्त होते. १९०३ साली तर ते वीस हजारांच्या वर गेले. देशभराचा विचार केला तर १९०७ या एका वर्षात तेरा लाखांच्या आसपास माणसं गेली. पण पहिल्या हिवाळ्यासारखं पलायन मुंबईत पुन्हा झालं नाही. गिरण्या चालत राहिल्या. शिरगणतीचे आकडे बघा: १८९१ला ८,२१,७६४, १९०१ला ७,७६,००६ आणि १९०६च्या महापालिकेच्या गणतीत ९,७७,८२२. प्लेग शहरात असतानाच शहर वाढत होतं. राजनारायण चंदावरकर यांनी प्लेगच्या घबराटीवरच्या निबंधात याच विसंगतीवर बोट ठेवलं आहे: घबराट ओसरली ती मृत्यू शिगेला पोचण्याच्या कितीतरी आधी.

धोका वाढला, भीती उतरली, आणि कामधंदा भीतीच्या मागं गेला. आपल्याला हवा होता तो प्रयोग जवळपास असाच.

‘जवळपास’ म्हणायचं कारण आहे. असा सुंदर पुरावा हाती आला की तो मोडायचा प्रयत्न आधी आपणच करायचा. पहिली शंका नोंदींची. पहिल्या वर्षी सक्तीच्या भीतीनं लोक मयत लपवत होते, त्यामुळे १८९७चा आकडा खरा असण्यापेक्षा लहान दिसतो. म्हणून प्लेगच्या मृत्यूंऐवजी एकूण मृत्यू घेऊन, आधीच्या सरासरीशी तुलना करायला हवी. दुसरी शंका जास्त गंभीर आहे. १८९६-९७ आणि पुन्हा १८९९-१९००मध्ये मोठे दुष्काळ पडले. गावाकडं खायलाच नसेल तर माणूस प्लेग असूनही गिरणीत परत येईल. त्याला आपण ‘विश्वास परतला’ म्हणायचं का? तो भुकेनं आला. तिसरी गोष्ट, सक्तीची घरझडती आणि विलगीकरण सरकारनं पुढच्या काही वर्षांत सोडून दिलं. म्हणजे भीतीचा एक तुकडा खरंच नाहीसा झाला होता. आणि लोक शिकलेही: घरात उंदीर मरून पडले की शेतात झोपडी घालून राहायला जायचं, रोग ओसरला की परत यायचं. अशी भीती असते, पण ती अंगवळणी पडलेली असते. अर्थव्यवस्थेला हिसका बसतो तो नव्या भीतीचा, असं माझं मत आहे. सिद्ध झालंय असं म्हणणार नाही.

हे डोक्यात ठेवून २०२०कडे या. मी राहते त्या एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्राकडे बघून कुणाला वाटेल, विजेची मागणी हीच उत्तम मोजपट्टी. एप्रिल २०२०मध्ये देशाचा वीजवापर आदल्या वर्षीपेक्षा सुमारे २३ टक्क्यांनी घसरला. पण कारखाने टाळेबंदीच्या आदेशानं बंद होते. त्या आकड्यात कायदा आणि भीती असे मिसळलेत की वेगळे काढता येत नाहीत. अमेरिकेत गूल्सबी आणि सिव्हरसन यांनी यावर नामी युक्ती केली. एकाच भागातल्या, पण वेगवेगळे आदेश असलेल्या शेजारच्या हद्दींतली दुकानं त्यांनी मोबाइलच्या नोंदींवरून तपासली. गिऱ्हाइकांची ये-जा ६० टक्के घटली होती, त्यातले आदेशामुळे घटले फक्त ७ टक्के अंक. बाकीचे लोक आपणहून घरी बसले होते.

आपल्याकडं तशी सीमा शोधत बसायची गरज नाही, एक सोपं उदाहरण टाळेबंदीच्या आधीच घडलं. फेब्रुवारी-मार्च २०२०मध्ये कोंबडीतून कोरोना होतो अशी अफवा व्हॉट्सॲपवर फिरली आणि चिकनची विक्री कोसळली. २००६मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा कोंबड्यांना रोग खरंच होता. २०२०मध्ये कोंबडीतून कोरोना पसरतो याला आधारच नव्हता. तरी पोल्ट्रीवाल्यांना उत्पादनखर्चाच्या खाली माल द्यावा लागला, आणि खाद्याची मागणी घटल्यानं मक्याचा भावही उतरला. येवला-मालेगावकडच्या मका पिकवणाऱ्याचा त्या अफवेशी काय संबंध? ‘एकाचा खर्च दुसऱ्याची मिळकत’ हे वाक्य तिथं प्रत्यक्ष दिसतं. आदेश नाही, धोका नाही, निव्वळ भीती. लहान प्रकरण आहे, पण त्यातला परिणाम वेगळा करून दाखवता येतो, म्हणून मला ते देशाच्या मोठ्या आकड्यांपेक्षा मोलाचं वाटतं.

त्यानंतर मजूर मुंबईहून नाशिकमार्गे पायी निघाले. १ मे २०२०ला जाहीर झालेल्या पहिल्या सहा श्रमिक गाड्यांत दोन नाशिकहून होत्या, लखनौ आणि भोपाळच्या. १८९७ची आठवण येतेच. पण घाई करू नका. तेव्हा नाक्यावर कामगारासाठी बोली लागत होती, यावेळी काम आणि मजुरी दोन्ही थांबल्यावर माणूस चालू लागला होता. दृश्य सारखं आहे म्हणून कारणही सारखं असेल असं नाही.

आणि सर्वेक्षणांचं? रिझर्व्ह बँकेच्या सद्यस्थिती निर्देशांकात १०० म्हणजे आशा-निराशा समसमान. मे २०२०मध्ये तो ६३.७ होता, मे २०२१मध्ये ४८.५. म्हणजे लोकांनी दुसऱ्या लाटेत जास्त निराशा सांगितली. उत्पादन मात्र पहिल्या लाटेतच जास्त कोसळलं, एप्रिल-जून २०२०मध्ये २४ टक्क्यांच्या आसपास. लोक सांगतात ती निराशा आणि लोक वागतात ती भीती या दोन वेगळ्या गोष्टी असतील का? की देशभर टाळेबंदी नव्हती एवढंच कारण? यावर कुणी नीट काम केलं तर मला वाचायला आवडेल.

ज्यांना मुंबईच्या प्लेगवर काम करायचंय त्यांनी एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारापासून सुरुवात करावी. तिथं ‘भीती’ नावाची फाईल नसते. मृत्यूचे आठवड्याचे तक्ते, गिरण्यांची हजेरी, रेल्वे आणि बोटींचे प्रवासी, असं जे मिळेल ते घ्यायचं आणि तारखेनुसार शेजारी शेजारी मांडायचं. त्यात मृत्यू आधी वाढतात की तिकिटं, हे पहिल्यांदा बघा.