कामगाराची सायकल

पिंपरी-चिंचवडच्या इतिहासात कारखान्यांची नावे येतात. त्या कारखान्यांच्या दारांशी रांगेने उभ्या राहणाऱ्या सायकलींची आठवण मात्र क्वचितच निघते. आज आम्ही बोलणार आहोत ते त्या सायकलींविषयी, आणि थोडेसे आमच्या पोटाविषयी.

सायकल ही मुळात मोठ्या माणसांची वस्तू. 1885 साली इंग्लंडात जॉन केम्प स्टार्ली ह्याने जवळजवळ सारख्या दोन चाकांची, साखळीवर चालणारी सायकल बाजारात आणली. पुढे तीनच वर्षांनी, 1888 मध्ये, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान थाटले. त्या काळी मुलाला सायकल घेऊन देण्याची ऐपत कितीजणांची होती? शिकणारे असत ते मिशा फुटलेले गृहस्थ. पडत, धोतर झटकीत आणि पुन्हा बसत. तेव्हा पन्नाशीत सायकल धरणाऱ्याला हसण्याचे काही कारण नाही.

1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. साठीच्या दशकात आकुर्डीस बजाज आणि पिंपरीस टेल्को आली. पुणे तर सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. भोंग्याच्या वेळी रस्ता सायकलींनी भरे. हँडलला डबा, पायात चपला. आमचे वडील त्यांतलेच. त्यांना कोणी व्यायामाचा उपदेश केला नव्हता. ती गरज होती. पाळी संपल्यावर पावसात पंधरा किलोमीटर दामटणे हे सुख नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे.

म्हणून आमच्या पिढीने कंपनीची बस मागितली, वाहनासाठी कर्ज मागितले. ह्याच पट्ट्यात बनणाऱ्या स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. त्या मागण्या रास्तच होत्या. परंतु करारात काय मिळाले ते आम्ही मोजले. हातचे काय गेले ते मोजले नाही.

ते लंडनमध्ये मोजले गेले होते. 1953 साली डॉ. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील दुमजली बसगाड्यांवरील नोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांत हृदयविकार कमी आढळला. पुढे 1956 मध्ये त्यांनी गणवेशांची मापेही तपासली. ड्रायव्हरांच्या विजारींचा घेर कंडक्टरांहून मोठा निघाला. मालक तोच, नोकरी तीच. पण एकाचे अंग हलत होते, दुसऱ्याचे नव्हते.

आम्ही ड्रायव्हरांच्या बाजूचे निघालो. वाटाघाटींच्या टेबलाशी बसणे, चहा, उशिराचे जेवण. एक्कावन्नाव्या वर्षी वजन 96 किलो झाले आणि रक्तात साखर सापडली. डॉक्टरांच्या सल्ल्याने सायकल घेतली. पहिल्या दिवशी निगडीचा एक चढ उतरून, सायकल हातात धरून पार केला. पण सायकलीवर शरीराचा भार बैठकीवर असतो, धावताना गुडघ्यांना बसतात तसे हादरे बसत नाहीत. म्हणून वजनदार माणसाला ती झेपते. बैठक पुरेशी उंच ठेवावी, वेग बोलता येईल इतकाच ठेवावा. आठवड्यास दीडशे मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम, हे जागतिक आरोग्य संघटनेचे किमान माप. वर्षभरात सात किलो उतरले. पोट पुरते गेले नाही. फेरीनंतरचा वडापाव बंद केला तेव्हा कोठे काटा हलला. साखर मात्र आटोक्यात आली, आणि जिना चढताना थांबावे लागत नाही.

आज चाकणच्या तरुण कामगाराला आम्ही 'सायकल घे' म्हणतो, तेव्हा तो पुणे-नाशिक रस्त्यावरच्या कंटेनरांकडे बोट दाखवितो. त्याचे खरे आहे. आरोग्याचा उपदेश करणे सोपे. त्याला निर्वेध रस्ता, कारखान्याच्या दाराशी छप्पर असलेला सायकलतळ आणि ओव्हरटाइमवाचून उरलेला अर्धा तास हवा. वडिलांच्या सायकलीत सक्ती होती, आमच्या सायकलीत औषध आहे. तरुणांच्या सायकलीत निवड असावी. ही मागणी आमच्या पुढच्या करारात पगारवाढीच्या शेजारी लिहिली जावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.