ऑर्डनन्स, म्युनिशन, ॲम्युनिशन : लष्करी संज्ञांतील भेद

युद्धसामग्रीसाठीच्या, एकमेकींच्या जागी सर्रास वापरल्या जाणाऱ्या इंग्रजी संज्ञा. मराठी बातम्यांत या साऱ्यांना ‘दारूगोळा’ म्हटले की भागते. पण त्यामुळे नेमके काय जळाले, काय हरवले, काय विकत घेतले, हे वाचकाला कळत नाही.

ॲम्युनिशन म्हणजे बंदुकीतून वा तोफेतून डागायचे काडतूस किंवा गोळा. म्युनिशनची कक्षा मोठी : विमानातून टाकायचे बॉम्ब, सुरुंग, हातबॉम्ब, क्षेपणास्त्रेही त्यात येतात. डागणारी तोफ मात्र आजच्या वापरात वेपन, म्हणजे शस्त्र. आर्मामेंट हा शब्द बहुधा विमान, जहाज वा रणगाड्यावर चढवलेल्या शस्त्रांसाठी येतो. बेंगळुरूत हिंदुस्तान एरोनॉटिक्स बनवत असलेल्या तेजसची २३ मिमी तोफ व पंखांखालची क्षेपणास्त्रे हे त्याचे आर्मामेंट. तोफेतल्या गोळ्या ॲम्युनिशन.

या भेदाची खरी कसोटी लागते ती याच शहराच्या नावाच्या ‘बंगलोर टॉर्पेडो’पाशी. मद्रास सॅपर्स अँड मायनर्सचे कॅप्टन मॅक्लिंटॉक यांनी १९१२ मध्ये तो इथे तयार केला. स्फोटक भरलेल्या नळ्या एकाला एक जोडायच्या, तारेत अडकू नये म्हणून पुढे गुळगुळीत टोपण बसवायचे, आडोशाने काटेरी तारांखाली सरकवायचे आणि मागच्या टोकाचा डिटोनेटर उडवायचा. पायदळाला वाट मोकळी होते. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरही तो वापरला गेला. तो कशातून डागला जात नाही, म्हणून ॲम्युनिशन नव्हे. पाण्याशीही त्याचा संबंध नाही : एके काळी सुरुंगांनाही टॉर्पेडो म्हणत, त्याच जुन्या अर्थाशी हे नाव जुळते. त्याला म्युनिशन म्हणणेच योग्य.

ऑर्डनन्स काटेकोर अर्थाने तोफा; व्यापक अर्थाने शस्त्रे, दारूगोळा व त्यांचे भांडार. ऑर्डिनन्स म्हणजे अध्यादेश. मूळ एकच असलेले हे दोन शब्द २०२१ मध्ये भारतात समोरासमोर आले : ऑर्डनन्स कारखान्यांच्या पुनर्रचनेला कामगार संघटनांचा विरोध असताना ३० जूनला संरक्षण उत्पादनातील संप रोखणारा ऑर्डिनन्स निघाला. १ ऑक्टोबरला ४१ कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या. १८६९ चा खडकीचा कारखाना, वरणगाव व चांदा हे म्युनिशन्स इंडियाकडे गेले; गणवेश शिवणारे कारखाने ट्रूप कम्फर्ट्सकडे. एकाच ‘ऑर्डनन्स’ छत्राखाली किती वेगळी कामे चालत, हे या वाटणीने उघड केले.

सप्लाय ही संज्ञा भारतीय सैन्यात मुख्यतः शिधा व इंधनासाठी. ते काम आर्मी सर्व्हिस कोअरचे. तिचे केंद्र बेंगळुरूत आहे. शस्त्रे, दारूगोळा, कपडे पुरवते आर्मी ऑर्डनन्स कोअर, जिचे केंद्र सिकंदराबादला आहे. म्हणून जवानाच्या ताटातला भात सप्लाय, तर अंगावरचा गणवेश ऑर्डनन्स.