पंचाचा शब्द

आमच्या घरी बऱ्याच जणांचा अजून असा समज आहे की मी दर पंधरा दिवसांनी शनिवारी संध्याकाळी मित्रांकडे पत्ते कुटायला जातो. पत्ते नाहीत, हे अनेकदा सांगून झालं. पण "मग काय खेळता?" याचं उत्तर दोन वाक्यांत मावत नाही आणि तिसऱ्या वाक्यापर्यंत कुणी थांबत नाही. :-) तेव्हा म्हटलं, एकदाच सगळं लिहून काढावं. शिवाय या खेळाचा इतिहास मला खेळाइतकाच आवडतो, आणि त्यातला एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय.

आधी खेळ. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं: कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी जादूगार. एक जण मात्र पात्र घेत नाही. उरलेलं सगळं जग तो असतो. राजा तो, खानावळवाली तो, गुहेतला ड्रॅगनही तोच. त्याला गेम मास्टर म्हणतात. (आमच्याकडे तो मी.) खेळाडू सांगतो, "मी दार ढकलतो." दारामागे काय आहे ते गेम मास्टर सांगतो. जिथे काहीही होऊ शकतं तिथे फासे टाकायचे. कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. गोष्ट पुढे जाते, एवढंच.

नियमांची जाडजूड पुस्तकं असतात. तलवारीने किती इजा होते, पडल्यावर किती लागतं, सगळं त्यात असतं. मग एखादा खेळाडू म्हणतो, "कंदिलातलं तेल मी पायऱ्यांवर ओततो, मागून येणारे घसरतील." हे काही पुस्तकात नाही. मग निकाल कुणी द्यायचा? मी देतो. मी म्हणतो, "चालेल, पण तुझा कंदील विझला, आता अंधार." दुसरा गेम मास्टर वेगळा निकाल देईल आणि तोही बरोबरच असेल. आता माझा प्रश्न असा : हा अधिकार मला दिला कुणी? आणि मीच निकाल देणार असेन, तर पुस्तक कशाला?

हा प्रश्न दोनशे वर्षं जुना आहे, आणि त्याची सुरुवात जादूगारांपासून नाही, प्रशियाच्या सैन्यापासून होते.

बॅरन फॉन राइसविट्झ नावाच्या गृहस्थांनी १८१२ मध्ये प्रशियाच्या राजाला युद्धाचा एक खेळ सादर केला. त्यांचा मुलगा तोफखान्यात अधिकारी होता. त्याने तो खेळ सुधारला आणि १८२४ मध्ये त्याचे नियम छापले. खेळाचं नाव क्रीगस्पील, म्हणजे सरळसरळ 'युद्धखेळ'. बुद्धिबळासारखी घरं यात नव्हती. खरा नकाशा होता, १ : ८००० या प्रमाणात काढलेला, आणि प्रत्येक खेळी म्हणजे लढाईतली दोन मिनिटं. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मधे एक पंच होता. खेळाडू आपले हुकूम लिहून पंचाकडे द्यायचे. सैन्याचे ठोकळे पंच हलवायचा, आणि समोरच्याला जेवढं खरोखर दिसलं असतं तेवढेच ठोकळे नकाशावर ठेवायचा. बाकी सगळं त्याच्या डोक्यात. फासे टाकून तक्त्यांवरून हानी मोजायची, तीही त्यानेच. आज टेबलाच्या टोकाला बसून मी जे करतो ते जवळजवळ हेच.

सरसेनापती कार्यालयाचे प्रमुख फॉन म्युफलिंग यांनी हा खेळ पाहिला आणि ते चांगलेच भारावले. हा नुसता खेळ नाही, युद्धाची शाळा आहे, असं त्यांचं मत झालं आणि सैन्याने खेळ स्वीकारला. धाकट्या राइसविट्झच्या वाट्याला मात्र फार सुख आलं नाही. त्याची बर्लिनहून टोरगाऊला बदली झाली आणि १८२७ मध्ये त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. ही हकीकत वाचली त्या दिवशी मला बाकी काही सुचलं नाही.

पुढे व्हायचं तेच झालं. प्रत्येक नव्या शंकेसाठी नवा नियम, प्रत्येक नियमाला नवा तक्ता. पंच तक्ते चाळत बसायचा आणि लढाई तिथेच खोळंबायची. शेवटी १८७६ मध्ये युलियस फॉन फेर्दी द्यु व्हेर्नवा या अधिकाऱ्याने तक्ते बाजूला ठेवले. त्याचं म्हणणं साधं होतं. पंच जर अनुभवी असेल तर काय झालं असतं हे त्याला कळतं, त्याने तसं सांगावं. आता हे म्हणणारा माणूस कोण, तर १८७०-७१ च्या फ्रान्सविरुद्धच्या युद्धात खुद्द मोल्टकेच्या हाताखाली काम केलेला! त्याच्या पिढीच्या पंचांनी खऱ्या लढाया पाहिल्या होत्या. त्यांचा शब्द मानला गेला तो त्या जोरावर. ज्याने काही पाहिलेलंच नाही त्याच्या हातात तक्ता लागतो. मला वाटतं सगळ्या वादाची गोम इथे आहे. नियम की पंच, हा प्रश्न खरं तर विश्वासाचा आहे.

आपण लहानपणी 'लिंबूटिंबू' ठेवायचो, आठवतंय? लिंबूटिंबू आउट झाला तरी आउट नसतो. हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही, पण गल्लीतल्या सगळ्या पोरांना मान्य असतं, कारण सगळे एकमेकांना ओळखतात. दुसऱ्या गल्लीशी मॅच असली की मात्र आधी नियम ठरवावे लागतात. तसंच काहीसं.

प्रशियातून हा विचार अमेरिकेत गेला. चार्ल्स टॉटन या अमेरिकी लष्करी अधिकाऱ्याने १८८० मध्ये 'स्ट्रॅटेगॉस' नावाचं युद्धखेळाचं पुस्तक काढलं, आणि नंतर ते विस्मरणात गेलं. १९६० च्या दशकात मिनेसोटा विद्यापीठाच्या ग्रंथालयात ते डेव्हिड वेस्ली या तरुणाच्या हाती लागलं. वेस्ली आणि त्याचे मित्र नेपोलियनच्या काळातल्या लढाया टेबलावर खेळायचे. खेळाडूला काहीही करून पाहायची मुभा आहे, निकाल पंचाचा, ही त्या पुस्तकातली कल्पना वेस्लीने उचलली.

१९६९ मध्ये त्याने ब्राउनस्टाइन या काल्पनिक जर्मन गावात एक खेळ मांडला. लढाई व्हायच्या आधी त्याने काही जणांना गावकऱ्यांच्या भूमिका दिल्या. कुणी बँकवाला, कुणी विद्यापीठाचा कुलगुरू. झालं! लढाई राहिली बाजूला, लोक आपापसात कारस्थानं करायला लागले. दोघे वेस्लीकडे येऊन म्हणाले, आम्हाला द्वंद्वयुद्ध करायचंय. त्यासाठी नियमच नव्हता. त्याने जागच्या जागी एक ठोकून दिला. आपला खेळ फसला, असंच वेस्लीला त्या दिवशी वाटलं. खेळाडू मात्र विचारत होते, पुन्हा कधी?

त्या मंडळींत डेव्ह आर्नेसन होता. वेस्ली सैन्यात गेल्यावर हे खेळ त्याने पुढे चालवले आणि १९७१ मध्ये ते 'ब्लॅकमूर' नावाच्या काल्पनिक राज्यात नेले. गाव, किल्ला आणि किल्ल्याखाली भुयारं. सुरुवातीला त्याने 'चेनमेल' या नियमपुस्तिकेचा आधार घेतला. ती गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरन यांनी लिहिली होती, १९७१ मध्येच. पण एका फटक्यात पात्र मेलं की खेळाडू हिरमुसायचे. मग आर्नेसनने चिलखती जहाजांच्या लढाईच्या नियमांतली कल्पना आणली : जहाज जसं बरेच गोळे झेलून बुडतं तसं माणसानेही काही घाव सोसावेत. हेच ते 'हिट पॉइंट्स', जे आज कितीतरी व्हिडिओ गेम्समध्ये असतात. आर्नेसनचे नियम असे त्याच्या वहीत आणि डोक्यात. खेळाडूंना ते पूर्ण माहीत नसायचेच. त्यांनी काय करायचं ते सांगायचं, उरलेलं तो बघायचा.

१९७२ च्या अखेरीस आर्नेसनने विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हा या छोट्या गावी जाऊन गायगॅक्सला हा खेळ खेळून दाखवला. गायगॅक्स म्हणजे लिहिणारा माणूस. विमा कंपनीतली नोकरी गेलेली, घरी मुलंबाळं. त्याने आर्नेसनकडून टिपणं मागवली आणि टाइपरायटरवर खेळ लिहून काढला. जानेवारी १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' बाजारात आला : लाकडी रंगाच्या खोक्यात तीन पुस्तिका, किंमत दहा डॉलर, प्रती एक हजार. मुखपृष्ठावर दोघांचीही नावं होती. आणि या पहिल्या आवृत्तीचा सूर असा, की आम्ही दिलेला हा फक्त सांगाडा, पुढची कल्पना तुमची तुम्ही करा.

लोकांनी ते अगदी मनावर घेतलं! प्रत्येक गावात वेगळा खेळ. एका टेबलावरचं पात्र दुसऱ्या टेबलावर चालेना. शंकांची पत्रं येऊ लागली. १९७७ ते १९७९ या काळात गायगॅक्सने 'ॲडव्हान्स्ड' आवृत्तीची तीन जाड पुस्तकं काढली आणि आता त्याचा सूर बदलला : सगळीकडे खेळ एकसारखा हवा. या पुस्तकांवर नाव एकट्या गायगॅक्सचं. हा वेगळा खेळ आहे, त्यामुळे आर्नेसनला मानधन लागू नाही, अशी कंपनीची भूमिका होती. १९७९ मध्ये आर्नेसन कोर्टात गेला आणि १९८१ मध्ये तडजोड झाली. ज्याच्या डोक्यात खेळ होता त्याला आपलं नाव टिकवण्यासाठी वकील करावा लागला, कारण कागद दुसऱ्याने लिहिला होता. आणि ज्याने लिहिला त्याचं तरी काय झालं? १९८५ मध्ये कंपनीचा ताबा गायगॅक्सच्या हातून गेला. त्याची पुस्तकंही तिथेच राहिली.

एकदा छापलं की ते किती पक्कं होतं याचं एक मजेदार उदाहरण सांगतो. १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये चक्क आपला राक्षस आहे. वाघाचं तोंड, अंगात झुळझुळीत कोट, हातात पाइप! अभिमंत्रित केलेल्या क्रॉसबोच्या बाणाने तो मरतो. रामायणात असं काही नाही. ही बाणाची कल्पना आली 'कोलचॅक : द नाइट स्टॉकर' या १९७४-७५ च्या अमेरिकन टीव्ही मालिकेतून. कोट आणि पाइप चित्रकाराची देणगी. पण चित्र छापलं गेलं आणि त्या खेळातल्या राक्षसाला आजतागायत वाघाचं तोंड आहे. घटोत्कचाने पाहिलं असतं तर काय म्हणाला असता कोण जाणे.

पुस्तकाच्या बाजूनेही बोललं पाहिजे. आमच्यातला एक जण नोकरीसाठी बंगळूरला गेला. तिथे पहिल्याच महिन्यात अनोळखी लोकांच्या टेबलावर जाऊन बसला आणि खेळला. पुस्तक एकच होतं म्हणूनच ना! आर्नेसनच्या वहीला ते जमलं नसतं. वही आर्नेसनबरोबरच संपली असती.

गायगॅक्स २००८ मध्ये गेला, आर्नेसन २००९ मध्ये. खेळ त्याआधीच, १९९७ मध्ये, विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीकडे गेला होता. २००० मध्ये कंपनीने एका खुल्या परवान्याखाली मूळ नियम इतरांना वापरू दिले. जानेवारी २०२३ मध्ये तो परवाना आवळायचा बेत बाहेर फुटला. खेळाडू इतके भडकले की त्याच महिन्याच्या २७ तारखेला कंपनीने माघार घेतली आणि ते नियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली सगळ्यांना मोकळे केले. गंमत म्हणजे याच सुमारास जगात ठिकठिकाणी काही जण पुस्तकं मिटून, फेर्दीच्या त्या जुन्या प्रशियन खेळाचं नाव घेऊन, नुसत्या पंचाच्या शब्दावर खेळत होते. लंबक परत तिकडे!

मला काय वाटतं? पुस्तक माणसांना टेबलापाशी आणतं. तिथे बसल्यावर पंचाचा शब्द चालतो, तोही समोरचे चौघं मानतात तेवढाच. फेर्दीच्या पाठीशी युद्धाचा अनुभव होता. माझ्या पाठीशी काहीच नाही. माझा शब्द दर शनिवारी नव्याने मानला जातो, आणि ज्या दिवशी मी एखाद्याला झुकतं माप देईन त्या दिवशी तो संपेल. म्हणून मी फासे सगळ्यांसमोर टाकतो.

असो. फारच लांबलं. ज्यांना अजूनही पत्तेच वाटतायत त्यांनी एखाद्या शनिवारी यावं. एक खुर्ची रिकामी असते, आणि पहिल्या दिवशी नियम माहीत नसले तरी चालतं.